दूध पितानाचा घाम

कामावर तिला सगळे डागवाली म्हणायचे. नव्या माणसाला ते नाव ऐकून भलतंच वाटायचं. मग कुणीतरी हसत समजावायचं की बाई स्वच्छ आहे, डाग दुसऱ्यांचे आहेत. मोठी लाँड्री होती ती. हॉटेलांच्या चादरी, कारखान्यांचे गणवेश, लग्नाच्या हॉलमधले टेबलक्लॉथ असं सगळं तिथं यायचं. डागाळलेला प्रत्येक कपडा धुलाईच्या यंत्रात जाण्याआधी तिच्या टेबलावर यायचा. ती कापड उजेडाकडे धरायची, बोटानं चाचपायची, कधी नाकाशी न्यायची आणि सांगायची : चहा. गंज. रक्त, पण जुनं. लिपस्टिक, आणि घाईघाईनं पुसलेली. या शेवटच्या प्रकारावर बाकीच्या बायका दिवसभर बोलत राहायच्या.

तिचा नवरा तिथंच बॉयलर सांभाळायचा. त्याचं नाव पडलं होतं वाफ्या. शांत माणूस. दाबाच्या काट्याकडे बघून बघून त्याला कुठल्याही गोष्टीकडे डोळे बारीक करून बघायची सवय लागली होती. दोघांची ओळख लाँड्रीतच झाली, लग्न झालं, आणि पाचव्या वर्षी मुलगी झाली. जन्मली तेव्हा सव्वातीन किलोची, गुटगुटीत, केस भरपूर. दवाखान्यातून घरी आणली त्या दिवशी वाफ्यानं तिला हातात घेतलं आणि म्हणाला, "ही तर मुंगी आहे." सव्वातीन किलोच्या बाळाला मुंगी का, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण नाव चिकटलं.

पहिले सहा आठवडे मुंगीनं कुणाला त्रास दिला नाही. प्यायची, झोपायची, पुन्हा प्यायची. खालच्या मजल्यावर वाफ्याची थोरली बहीण राहायची. घरात सगळे तिला ताईच म्हणायचे. चार मुलं वाढवून, त्यांची लग्नं लावून ती मोकळी झाली होती आणि तिच्याकडे सल्ल्यांचा साठा होता. ती म्हणायची, "इतकं शहाणं लेकरू मी बघितलं नाही. नंतर दामदुप्पट वसूल करेल बघ."

सातव्या आठवड्यात सुरू झालं.

मुंगी भुकेली असायची, तोंड उघडून झेपावायची, सात-आठ घोट घाईनं घ्यायची, आणि मग एकदम सोडायची. सोडून रडायची. ते रडणं हट्टाचं नव्हतं. कुणीतरी चिमटा काढावा तसं एकदम यायचं. पाय पोटाशी घ्यायची, पाठ कमानीसारखी ताणायची, ओठांभोवतीचा रंग उतरायचा. पाच मिनिटांनी थकून गप्प व्हायची. परत भूक, परत तेच. दिवसातून आठ वेळा पाजायचं आणि आठही वेळा हे.

"पोट दुखतंय," ताईनं निदान केलं. "माझी तिसरी अशीच होती. तीन महिने घर डोक्यावर घेतलं होतं तिनं."

गल्लीच्या टोकाला डॉक्टरांचा दवाखाना होता. पन्नाशीचे, हसरे, बाहेर नेहमी पंधरा माणसं बसलेली. डागवाली मुंगीला घेऊन गेली. नंबर लागेपर्यंत मुंगी रडून रडून झोपली होती. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, घसा बघितला, छातीला नळी लावली.

"वारा धरतो पोटात. होतं या वयात. थेंब देतो," ते म्हणाले.

"दूध पितानाच रडते हो. पिऊन झाल्यावर नाही."

"दूध गेलं की आतडं हलतं, आतडं हललं की कळ येते. तीन महिन्यांची झाली की आपोआप थांबेल. तुम्ही झोप घ्या जरा."

थेंब सुरू झाले. काही फरक नाही. डागवाली घरात फेऱ्या मारायला लागली. पलंगापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं, खिडकीपासून दारापर्यंत नऊ. मुंगीला खांद्यावर टाकून ती चालत राहायची, कारण उभी धरली की मुंगीला जरा बरं वाटायचं. वाफ्या म्हणायचा, "बस ना जरा. तुझ्या पायाला भिंगरी लागलीय." ती बसायची आणि मिनिटाभरात उठायची. आपल्याला काय वाटतंय ते तिला धड सांगता येत नव्हतं, पण काहीतरी नजरेसमोर आहे आणि ओळखता येत नाही, असं तिला सारखं वाटत होतं.

एका सकाळी पाजून झाल्यावर तिनं कपडे बदलायला हात वर केले आणि थांबली. उजव्या बाहीचा कोपराजवळचा भाग ओला होता. मुंगीचं डोकं असतं तिथं. दूध सांडलं असेल म्हणून ती रोजच बाही झटकून पुढे जात होती. आज तिनं ते कापड बोटांत धरलं. दुधाचा डाग चिकट असतो, वाळला की कडक होतो, आंबूस वास मारतो. हे पाण्यासारखं पातळ होतं. तिनं जिभेचं टोक लावलं. खारट.

तिनं कपड्यांच्या टोपलीतून आपले तीन दिवसांचे झगे काढले. सगळ्यांच्या उजव्या किंवा डाव्या बाहीवर तोच गोल डाग, कडेला पांढुरकी रेघ असलेला. तिनं दिवसभर लक्ष ठेवलं. मुंगी प्यायला लागली की तिसऱ्या-चौथ्या घोटाला कपाळावर दव यावं तसे थेंब यायचे, केस भिजायचे. खोली गार होती. पंखा चालू होता. आणि कपाळाला हात लावला तर ते गार.

संध्याकाळी तिनं वाफ्याला सांगितलं, "हिला दूध पिताना घाम येतो."

"उकडतंय गं."

"मला येत नाही. तुला येत नाही. अंग गार असतं आणि घाम येतो."

वाफ्यानं डोळे बारीक केले. "डॉक्टरांना सांग मग."

तिनं सांगितलं. या खेपेला मुंगी जागी होती आणि रडत होती, त्यामुळे छातीला नळी लावून काही नीट ऐकू येत नव्हतं. वजन केलं. तीन आठवड्यांत जेमतेम दोनशे ग्रॅम वाढलं होतं. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "कमी पितेय. जास्त वेळा पाजा. सोडलं तरी परत परत लावा. कंटाळू नका."

"घामाचं काय?"

"एवढं रडल्यावर घाम येणारच ना. मेहनत आहे ती." ते हसले. मनानं वाईट माणूस नव्हता तो. बाहेर सतरा जण खोकत बसले होते.

डागवालीनं सांगितल्याप्रमाणे केलं. मुंगीनं तोंड फिरवलं की परत लावायचं, रडली की थोपटून परत लावायचं. ताई शेजारी बसून म्हणायची, "अगं, धीर धर. आई झालीस म्हणजे एवढं चालायचंच." एकदा डागवाली चिडून म्हणाली, "ताई, ज्याचं जळतं त्यालाच कळतं." ताई उठून खाली गेली आणि दोन दिवस वर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, कारण डागवालीला अर्ध्या दिवसासाठी कामावर जायचं होतं आणि मुंगीला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. काढून ठेवलेलं दूध बाटलीतून ताई पाजायची. भांडण तसंच राहिलं आणि काम सुरू झालं.

मग खोकला आला. श्वास भरभर. डागवाली भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मुंगीचे श्वास मोजायची : मिनिटाला बासष्ट, अडुसष्ट, सत्तर. डॉक्टर म्हणाले छातीत कफ झालाय, औषध बदलून दिलं. डागवालीचं कामात लक्ष लागेना. एका गणवेशावरच्या तेलाच्या डागाला तिनं शाई म्हटलं आणि शाईचं औषध लागून कापडाला भोक पडलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. सुपरवायझर बाईंनी तो गणवेश नुसता घडी घालून बाजूला ठेवला. ते तिला जास्त लागलं.

मुंगी अकरा आठवड्यांची होती. सकाळचे साडेदहा वाजले असतील. डागवाली टेबलाशी उभी होती, मागे मोठी यंत्रं घरघरत होती, आणि दारातून ताई आत आली. घरातल्या सपाता, विस्कटलेले केस, छातीशी मुंगी. घरापासून लाँड्री चालत वीस मिनिटं होती. ताईची गुडघेदुखी सगळ्या इमारतीला माहीत होती. ती धावत आली होती.

"बघ," ती म्हणाली. बाकी बोलायला तिच्यात दम नव्हता.

मुंगीचा चेहरा राखेसारखा झाला होता. डोळे उघडे, पण कुणाकडे बघत नव्हते. कपाळ ओलं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"बाटली दिली. पाच घोट घेतले. मग अशी झाली. रडलीसुद्धा नाही गं." ताईनं मुंगी तिच्याकडे दिली. "आज रडलीच नाही."

सुपरवायझर बाईंनी कपडे पोचवायची गाडी बाहेर काढायला लावली. वाफ्या बॉयलर दुसऱ्याच्या हवाली करून तसाच, काळ्या हातांनी, मागे चढला. चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये तिघंजण बसले. डागवालीच्या मांडीवर मुंगी. वाटेत एक सिग्नल लागला, दुसरा लागला. वाफ्या प्रत्येक सिग्नलला उठून उभा राहायचा, जणू त्यामुळे दिवा लवकर हिरवा होणार होता.

मोठ्या रुग्णालयात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं प्राणवायू लावला, वाफारा दिला, छाती ऐकली. मुंगीचा रंग थोडा परतला. "फुफ्फुसांत संसर्ग दिसतोय," तो म्हणाला. "या दिवसांत बरीच बाळं येताहेत. दाखल करून घेऊ, दोन-तीन दिवसांत—"

"संसर्ग आत्ता झाला असेल," डागवाली म्हणाली. "घाम महिन्याभरापासून आहे."

"कसला घाम?"

तिनं सांगितलं. आपल्या टेबलावर सांगायची तशी, एकेक करून. पिताना येतो, झोपेत येत नाही. तिसऱ्या-चौथ्या घोटाला येतो. गार असतो. त्याच वेळी ओठांचा रंग जातो, मग रडते, मग थकते. झोपून उठली की पहिले घोट बरे जातात. तिच्या हातात तिचाच सकाळचा झगा होता, ताईनं मुंगीभोवती गुंडाळून आणलेला. तिनं बाही पुढे केली. "हे दूध नाही. मी लाँड्रीत डाग ओळखते, साहेब. हा घाम आहे."

तरुण डॉक्टरनं बाही हातात घेतली. थकलेला होता, त्याला आणखी सहा मुलं बघायची होती. त्यानं बाहीकडे बघितलं, मुंगीकडे बघितलं, आणि मग तिचं पोट परत एकदा उजव्या बाजूला दाबलं, हळूहळू, बरगडीपासून खाली.

"यकृत वाढलंय," तो स्वतःशीच म्हणाला. "एक्स-रे काढा. आणि ईसीजी."

एक्स-रेमध्ये हृदयाची सावली अर्ध्याहून जास्त छाती व्यापून होती. ईसीजी काढायला एक वयस्क बाई आल्या, चाकांचं यंत्र ढकलत. मुंगीच्या छातीवर एवढ्या वायरी मावेनात. त्यांनी पट्टी काढली, बघितली, आणि सगळ्या वायरी काढून परत पहिल्यापासून लावल्या. दुसरी पट्टी काढली. ती पहिल्या पट्टीशेजारी धरली.

"काय झालं?" वाफ्यानं विचारलं.

"मी सांगायचं नसतं," बाई म्हणाल्या. मग डागवालीच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना राहवलं नाही. "वायरी चुकल्या असं वाटलं मला. अशी पट्टी साठीच्या माणसाची असते. हृदयाचा झटका येऊन गेलेल्या." आणि त्या यंत्र तिथंच सोडून पट्टी घेऊन भराभर चालत गेल्या.

लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टर दुपारी आल्या. बुटक्या, गंभीर, केस आखूड कापलेले. त्यांनी खोलीत अंधार केला आणि मुंगीच्या छातीवर जेल लावून यंत्राचा दांडा फिरवायला सुरुवात केली. पडद्यावर करडं काहीतरी हलत होतं. हलत होतं, पण आळसावल्यासारखं.

दहा मिनिटांनी त्या म्हणाल्या, "डावा भाग खूप मोठा झालाय आणि जेमतेम आकुंचन पावतोय. झडपही गळतेय."

"का?" डागवालीनं विचारलं.

"दोन शक्यता आहेत. एक, हृदयाचा स्नायूच आजारी आहे. तसं असेल तर औषधं देत राहायची आणि वाट बघायची. दुसरी फार क्वचित असते. तीच शोधतेय. थोडा वेळ लागेल, बोलू नका."

मुंगी झोपेच्या औषधानं निजली होती. डॉक्टर दांडा अर्धा सेंटिमीटर सरकवायच्या, थांबायच्या, परत मागे यायच्या. पंधरा मिनिटं. पंचवीस. डागवालीला बसवेना आणि हलता येईना. तिनं स्वतःच्याच अंगठ्याचं नख दुसऱ्या अंगठ्यात रुतवून ठेवलं. औषधं देत राहायची आणि वाट बघायची. वाट कशाची बघायची, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

"थांब," डॉक्टर म्हणाल्या, यंत्राला किंवा स्वतःला. पडद्यावर एक बारीक रंगीत रेघ चमकली, विझली, चमकली. त्यांनी चित्र गोठवलं, उठल्या आणि दिवा लावला.

"हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्नायूलाही रक्त लागतं," त्या म्हणाल्या. कागदावर दोन जाड नळ्या काढल्या. "ही अंगाकडे जाणारी. हिच्यात ताजं रक्त, भरपूर दाबानं. हिच्यातूनच दोन बारीक नळ्या निघतात आणि हृदयाला परत येतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. तुमच्या मुलीची उजवी नळी बरोबर आहे. डावी चुकून या दुसऱ्या नळीतून निघालीय, फुफ्फुसाकडे जाणाऱ्या. हिच्यात वापरलेलं रक्त असतं. तीन लाख बाळांत एखाद्याला असं होतं."

"मग दीड महिना चांगली कशी होती?" ताईनं विचारलं.

"जन्मानंतर काही आठवडे या नळीतही दाब जास्त असतो. तोवर जेमतेम भागतं. मग तो दाब उतरत जातो—"

"आणि उलटं वाहायला लागतं," वाफ्या म्हणाला.

डॉक्टरांनी पेन थांबवलं.

"दाब नसलेल्या लाइनला जोड दिला की दुसरीकडनं आलेलंही तिकडंच पळतं," तो खाली मान घालून म्हणाला. "मी बॉयलरवर असतो."

"अगदी तेच," डॉक्टर म्हणाल्या. "उजवीकडून येणारं रक्त डाव्या नळीतून उलटं निसटून जातं. स्नायू उपाशी राहतो. दूध पिणं हीच या वयातली सगळ्यात मोठी मेहनत. मोठ्या माणसाला जिना चढताना छातीत कळ येते ना, घाम फुटतो, तो थांबतो. ती पिताना थांबत होती."

डागवालीनं विचारलं, "म्हणजे तिला दुखत होतं?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "बहुतेक हो."

"मी तिला परत परत लावत होते. तोंड फिरवायची तरी."

"तुम्हाला तसंच सांगितलं होतं. आणि तुम्ही बाही दाखवली नसती तर आज तिला वाफारा देऊन ठेवलं असतं. मी उगाच बरं वाटावं म्हणून बोलत नाहीये." त्यांनी कागद दुमडला. "नळी काढून योग्य जागी जोडता येते. परवा ऑपरेशन करू. धोका आहे. तिचं हृदय फार दमलंय. पण दुसरा मार्ग नाही, आणि हा मार्ग आहे, ही चांगली गोष्ट आहे."

परवाचा दिवस उजाडला. सकाळी सात वाजता मुंगीला आत नेलं. दारापर्यंत डागवाली ढकलगाडीचा दांडा धरून गेली, मग परिचारिकेनं तिची बोटं एकेक करून सोडवली.

प्रतीक्षेच्या खोलीत निळ्या गाद्यांच्या खुर्च्या होत्या. वाफ्या एका खुर्चीत बसला आणि छतातल्या पाइपांकडे बघत राहिला. डागवालीनं जिने चढायला सुरुवात केली. चौथ्या मजल्यापासून सातव्यापर्यंत, परत चौथ्यापर्यंत. प्रत्येक वेळी सातव्यावर ऑपरेशनच्या दारातून डोकावायची. काही नाही. पडद्यावर कॉफी, गादीवर आयोडीन, भिंतीवर कुणाचा तरी तेलकट डोक्याचा ठसा : तिचे डोळे आपोआप वाचत होते, तिला ते थांबवता येत नव्हतं. पाचव्या मजल्यावर ताई पायरीवर बसलेली दिसली. गुडघे दुखत होते तरी ती मागोमाग चढत आली होती आणि अर्ध्यात अडकली होती.

"तू जा," ताई म्हणाली. "मी येते हळूहळू."

डागवाली तिच्याशेजारी पायरीवर बसली. सकाळपासून पहिल्यांदा.

"मी त्या दिवशी तिला बळंच पाजलं," ताई म्हणाली. "पाच घोट म्हटलं ना मी, ते खरं नाही. तिनं तिसऱ्यालाच तोंड फिरवलं होतं. मी म्हटलं, लाडावलीय आईनं."

खाली कुठंतरी लिफ्टचं दार उघडलं आणि बंद झालं. डागवालीला राग यायला हवा होता. महिनाभर तो साठलेला होता. पण तिनं स्वतः किती वेळा ते तोंड परत वळवलं होतं, ते तिला माहीत होतं.

"आपण दोघींनी," ती म्हणाली. आणि ताईचा हात धरून तिला उठवलं. "चला. दोन जिने उरलेत."

दुपारी दोनला शल्यचिकित्सक बाहेर आले. नळी जोडली होती. हृदय चालू झालं होतं, पण सुजलेलं होतं, त्यामुळे छाती दोन दिवस उघडी ठेवून वर पातळ आवरण लावलं होतं. "आत्ताच आनंद करू नका," ते म्हणाले. "आत्ताच रडूही नका."

ते दोन दिवस आणि त्यापुढचे पाच कुणीच नीट आठवू शकत नाही. वाफ्याला यंत्रावरचे आकडे आठवतात. पहिल्या रात्री दाब किती होता ते तो आजही सांगतो. ताईला फक्त मुंगीचे पाय आठवतात, कारण नळ्यांमधून तेवढेच मोकळे दिसत होते. डागवालीला आठवतो तो नववा दिवस. परिचारिकेनं बाटलीत थोडं दूध आणलं आणि म्हणाली, "आज तुम्ही द्या."

तिनं हात मागे घेतले. "तुम्हीच द्या," ती म्हणाली.

"आईनंच द्यायचं असतं पहिलं."

"मला नाही जमणार. मी बाहेर थांबते."

ती खरंच दारापर्यंत गेली. तिथं वाफ्या उभा होता. तो बाजूला झाला नाही. नुसता दारात उभा राहिला, आणि डागवाली परत फिरली. बसली. बाटली मुंगीच्या ओठांना लावली.

मुंगीनं एक घोट घेतला. थांबली. डोळे वर करून बघितलं. चेहऱ्यावर असं काही होतं की डागवालीनं बाटली ओढूनच घेतली असती, पण मुंगीनं दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, चौथा. सगळं संपवलं. मग रिकाम्या बाटलीचं निपल चोखत राहिली आणि ते काढून घेतल्यावर रागानं लाल होऊन किंचाळली. परिचारिका म्हणाली, "हं. हे बरोबर."

एकवीस दिवसांनी घरी आणली. छातीवर उभी लाल रेघ, चार औषधं, वेळापत्रक भिंतीवर. घरी आल्यावर सगळं संपलं असं लोकांना वाटलं. डागवालीचं काही संपलं नव्हतं. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात, ती तर पाणीही फुंकत होती. मुंगी रडली की हिचा जीव उडायचा, शांत झोपली की जास्तच. दर महिन्याला तपासणी. हृदय पूर्वी एक चतुर्थांशानं काम करत होतं, मग तिसऱ्या हिश्शानं, मग निम्म्यानं. झडप अजून थोडी गळत होती. हृदयाच्या डॉक्टर म्हणाल्या, गळू दे, आपण लक्ष ठेवू. लक्ष ठेवू हे शब्द ऐकले की डागवालीचे पाय आपोआप चालायला लागायचे.

मुंगी तेरा महिन्यांची झाली तेव्हा एका दुपारी लाँड्रीत गल्लीतले डॉक्टर आले. हातात कपडे नव्हते. टेबलासमोर उभे राहिले. डागवालीनं त्यांना गेल्या वर्षभरात मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं होतं. लसीकरणालाही ती दुसरीकडे जात होती.

"ऑपरेशनचं मला कळलं होतं तेव्हाच," ते म्हणाले. "यायला धीर झाला नाही."

ती एका टेबलक्लॉथची घडी मोडत राहिली.

"तुम्ही मला दोनदा घाम म्हणालात. मी ऐकलं आणि ऐकलं नाही."

"तुम्ही तिला पिताना बघितलंच नाही," डागवाली म्हणाली. "दर वेळी झोपलेली नाहीतर रडणारी. पिताना बघितलं असतं तर तुम्हालाही दिसलं असतं. एवढंच."

"हो." त्यांनी खुर्ची नसलेल्या त्या जागेत इकडंतिकडं बघितलं. "आता मी बघतो. पिताना रडतं म्हणून कुणी आलं की तिथंच पाजायला सांगतो. मागच्या आठवड्यात एका बाईला दीड तास थांबवलं. बाहेरचे लोक वैतागले."

"आणि?"

"काही नाही निघालं. पोटच होतं."

"बरं झालं," डागवाली म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. डॉक्टर मान हलवून गेले. तिनं त्यांना माफ केलं की नाही, ते तिला त्या दिवशी कळलं नाही आणि अजूनही नक्की सांगता येत नाही. पुढच्या लसीला मात्र ती मुंगीला त्यांच्याकडे घेऊन गेली.

त्या संध्याकाळी ती घरी आली तर इमारतीच्या जिन्यावर गडबड चालू होती. मुंगी जिन्याच्या तळाशी, दोन्ही हात पहिल्या पायरीवर टेकून. तिच्या मागे वाकलेला वाफ्या, पुढे तिसऱ्या पायरीवर बसलेली ताई.

"उचल तिला," डागवाली म्हणाली.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, तिचं तिला ठरवू द्या," ताई म्हणाली. "दमली तर बसेल."

"एवढा जिना?"

"अगं, मी चढते रोज. माझ्यापेक्षा तिचे गुडघे बरे आहेत."

मुंगी पहिली पायरी चढली. दुसरी. ताईला वळसा घालून, तिच्या पदराला धरून, तिसरी. मग बसली. तोंड उघडं, गाल लाल. डागवालीचे हात पुढे झाले, वाफ्यानं ते हलकेच धरले. सगळे थांबले. मुंगीनं आईकडे बघितलं आणि उचलायला हात वर केले. कुणी उचललं नाही. तिनं थोडा वेळ वाट बघितली, मग पाठ फिरवली आणि रागारागानं चौथी पायरी चढायला लागली.